शिकलेला घोटा

हर्षाली ढेबेचा उजवा पाय चांगल्या धडधाकट माणसाच्या पायापेक्षा झकास चालत होता, आणि तिला तो कुऱ्हाडीनं तोडून टाकावासा वाटत होता.

नवी मुंबईतल्या त्या मोठ्या रुग्णालयाच्या सभागृहात ती चालली, जिना चढली, उतरली, वाळूच्या पट्ट्यावरून पळाली. समोर बसलेल्या डॉक्टरांनी आणि सुटाबुटातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या पडद्यावर तिच्या घोट्याचं चित्र मोठं करून दाखवत होते. चाचणीत घेतलेल्या सगळ्या रुग्णांत हिचा पाय पहिला, असं निवेदिकेनं सांगितलं आणि माईक तिच्यापुढे धरला. दोन शब्द बोला, ताई. हर्षालीनं माईक घेतला.

"घोड्यावर बसलं की हा पाय मरतो," ती म्हणाली. "त्याचं काय ते आधी सांगा, मग टाळ्या वाजवा."

निवेदिका हसली. लोकही हसले. त्यांना वाटलं, डोंगरावरची पोर आहे, गमतीनं बोलते. मग चहा आला.

ही पोर माथेरानची. कोंडीराम ढेबे या धनगर घोडेवाल्याची एकुलती लेक. आई लहानपणीच गेली, मग ती वाढली ती तबेल्यातच. जांभळी नावाची काळपट तांबडी घोडी तिनं शिंगरू असल्यापासून हातानं वाढवली. डोंगरावरच्या उन्हाळी शर्यतीत त्या घोडीवर बसून तिनं बाप्यांना दोनदा मागे टाकलं, तेव्हा पुण्याचे घोडे तयार करणारे सोराब कांगा तिथं सुट्टीवर आले होते. त्यांनी तिला हेरली. माझ्या तबेल्यात रायडर म्हणून ये, म्हणाले. हर्षालीला त्या एका वाक्यानं आभाळ मिळालं. कारण डोंगरावर घोड्याचे दिवस भरत आले होते आणि ते तिच्या बापाखेरीज सगळ्यांना दिसत होतं.

पावसाळ्यानंतर विजेच्या रिक्षा वाढल्या. त्या नीट पळाव्यात म्हणून लाल मातीच्या रस्त्यावर गुळगुळीत ठोकळे बसवले. ज्या ठोकळ्यांवर रिक्षाचं चाक सुखानं पळतं, त्यांच्यावरच घोड्याचा नाल साबणावरून सटकावा तसा सटकतो. घोडेवाल्यांनी ओरडून सांगितलं. ऐकणारे गाडीतून फिरणारे होते, त्यांना नाल म्हणजे दारावर ठोकायची वस्तू. एका दमट सकाळी उतारावर जांभळी घसरली आणि सगळ्या अंगानिशी हर्षालीच्या उजव्या पायावर पडली. घोडी उठली. घोट्याचा भुगा झाला.

त्याच दिवशी कोंडीरामनं भर बाजारात, सगळ्या घोडेवाल्यांसमोर सांगून टाकलं, माझ्या घरातलं माणूस जन्मात रिक्षात बसणार नाय. मेलं तर खांद्यावरून नेऊ.

लोकांनी मान डोलावली. त्या शपथेनं पुढं काय होणार आहे, हे तेव्हा कुणाच्या बापालाही कळलं नसतं.

रुग्णालयात डॉ. नाडगौडा म्हणून बाई होत्या. साध्या, थकलेल्या, खऱ्या बोलणाऱ्या. त्यांनी बापलेकीला समोर बसवून समजावलं.

डोळे मिटले तरी आपला पाय कुठं आहे, टाच वर आहे की खाली, हे आपल्याला कळतं. ते कळवणाऱ्या मज्जातंतूंची टोकं सांध्याभोवती असतात. हर्षालीची ती टोकंच चिरडली होती. लोखंडी घोटा बसवता येतो, पण लोखंडाला काही कळत नाही. खड्डा आला की ते लोखंडासारखंच वागतं. म्हणून या नव्या सांध्याभोवती केसाहून बारीक धाग्यांची जाळी असते. थोडी वीज मिळाली की ती आवळते, वीज गेली की सैल पडते. पोटरीतल्या तंतूंची नवी टोकं या जाळीत वाढतात, मांडवावर वेल चढावी तशी. कमरेपाशी बटणाएवढी एक चकती बसवतात. अंग कसं हलतंय ते ती ओळखते आणि जाळीला सांगते. हा माणूस चालतोय, हा जिना उतरतोय, आता आवळ, आता सोड.

"पण वेल कुठं चढायची ते तुम्ही ठरवायचं," बाई म्हणाल्या. सुरुवातीच्या आठवड्यांत पाय जे करेल, तेच तो शिकेल. जे वापराल ती वाट जाड होत जाईल, जे वापरणार नाही ती वाळून जाईल. नंतर मात्र काही बदलत नाही. "ते मशीन नाही राहत. ते तुमचं मांस होतं."

कोंडीरामनं विचारलं, घोड्यावर बसंल का? बाई म्हणाल्या, का नाही बसणार? त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांना खरंच तसं वाटलं.

घोटा बसवून झाल्यावर, घरी निघताना परिचारिकेनं सूचना पाठ करून घेतल्या. व्यायामाला पाय पूर्ण वापरायचा. वाहनात असताना मात्र पाय एकदम सैल सोडायचा, जीव नसल्यासारखा. गचक्यात ताणलात तर जाळी उसवेल. हर्षालीनं मान हलवली. तुमच्याकडे वाहन म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. पायऱ्या किती, संडास कुठल्या पद्धतीचा, सगळं विचारलं. घरी कशी जाणार, एवढंच राहिलं. शहाण्या माणसांच्या डोक्यात दारापर्यंत गाडी आलेलीच असते.

दस्तुरीच्या नाक्यावर मोटारी थांबतात, पुढं माथेरानात त्यांना बंदी. तिथं बारकू वाघ आपली रिक्षा घेऊन उभा होता. एकेकाळी हातरिक्षा ओढून छाती फुटलेला माणूस, आता हँडल धरून बसतो. तो म्हणाला, ताईला बसवा, आजारी माणसाला कसली शपथ. कोंडीरामनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं लेकीला उचलून जांभळीवर बसवलं, लगाम हातात धरला आणि चालायला लागला. हर्षालीनं सूचना पाळली. उजवा पाय रिकिबीत घातला नाही. घोडीच्या पोटाशी तो मेल्यासारखा लोंबू दिला.

दस्तुरीवर रुग्णालयाची व्यायामाची गाडी यायची. रोज सकाळी घोडीवरून जायचं, दुपारी घोडीवरून यायचं. सपाट रस्ता आला की कोंडीराम घोडीला दुडकी धरायला लावायचा आणि स्वतः शेजारी पळायचा. पाय सैल. जाताना सैल, येताना सैल. गाडीपाशी पोचली की हर्षाली इतकं जीव तोडून चालायची की व्यायाम शिकवणारी पोरगी थक्क व्हायची. शेवटी शेवटी तर ती बापाबरोबर उतारावर पळतही सुटली. काठी गेली, लंगडणं गेलं. बाप लोकांना दाखवायचा, पाहा, माझी पोर.

मग तिनं पहिल्यांदा खोगिरावर नीट बैठक घेतली. दोन्ही पाय रिकिबीत. जांभळीनं कान टवकारले, जणू म्हणत होती, आलीस का एकदाची. हर्षालीनं टाचेचा इशारा केला. घोडी चालायला लागली.

आणि पाय गेला.

दुखला नाही, मुंग्या नाहीत, काही नाही. घोट्याखाली जे होतं ते कुणीतरी विझवून टाकलं. पाऊल रिकिबीत पुढं सरकलं, टाच वर आली. तिनं दात खाऊन टाच खाली दाबायला पाहिलं. मांडी ऐकत होती, गुडघा ऐकत होता, पाऊल ओल्या फडक्यासारखं पडलं होतं. ती खाली उतरली. पाय जमिनीला टेकला आणि जागा झाला. परत चढली, परत मेला. दुपारपर्यंत ती चढत उतरत राहिली. कोंडीराम आधी हसला, मग ओरडला, मग लगाम धरून नुसता उभा राहिला.

रुग्णालयात बाईंनी चकतीतली नोंद काढली आणि दोनदा बघितली. मग त्यांनी विचारलं, की पायावर वजन नाही आणि कंबर मात्र चालणाऱ्या माणसासारखी हलतेय, असं तुम्ही नेमकं काय करत होता? घोड्याच्या चालीवर बसलेल्याची कंबर अगदी स्वतः चालल्यासारखीच हलते, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. घोट्यानं दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखल्या होत्या. हुशार होता. जमिनीवर चालतोय तर आवळायचं, घोड्यावर आहोत तर मरायचं. हर्षालीनं त्याला रोज दोन वेळा हेच शिकवलं होतं, मन लावून.

"मंजे रिक्षात बसवली असती तर?" कोंडीरामनं विचारलं.

बाई खाली बघत म्हणाल्या, रिक्षाचे गचके वेगळे असतात. त्यानं काही बिघडलं नसतं.

कोंडीरामचा चेहरा त्या खोलीत जो पडला तो पडलाच. हर्षालीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती बाईंना म्हणाली, हे पुसून टाका. बाई म्हणाल्या, पुसण्यासारखं काही नाही, वेल वाढून झाली. मग काढून टाका. काढता येईल, पण त्याबरोबर सगळे तंतू तोडावे लागतील आणि घोट्याची हाडं खिळ्यांनी एकमेकांना जखडून टाकावी लागतील. पाऊल मग काटकोनात कायमचं जाम. वर नाही, खाली नाही. डोंगरउतारावर प्रत्येक पाऊल जड जाईल. सपाटीलाही लंगडशील.

"उत्तम चालणाऱ्या मुलीला मी लंगडी करू? माझा हात नाही धजणार, हर्षाली."

"चालायला कोण मागत होतं," हर्षाली म्हणाली आणि उठून गेली. झोकात चालत गेली. तेच तर दुखणं होतं.

घरात बोलणं बंद झालं. ती बापाला ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. एकदाच तिनं तोंड उघडलं. म्हणाली, आबा, बाजारात तुमची मान ताठ राहिली ना? मग झालं. कोंडीरामनं भाकरी तशीच ठेवली.

त्याला माफी मागता येत नव्हती. त्याला हातानं काही करता येत होतं, ते त्यानं केलं. एका जुन्या बुटाचं तोंड कापून रिकिबीवर पुढून टोपण शिवलं. पाऊल मेलं तरी आरपार जाऊ नये म्हणून. घोडेवाल्याला रिकिबीतून पाय आरपार जाण्याइतकं भय कशाचंच नाही. माणूस पडतो, पाय अडकतो, घोडा बिचकून पळतो आणि मागं फरफटत जातं ते ओळखायला घरच्यांना बोलवावं लागतं.

टोपण लावून ती बसली. पाऊल अडकलं नाही, पण मेलेली टाच घोडीच्या पोटावर दर पावलाला आपटायला लागली. घोडी टाचेची भाषा जाणते. तिच्या कातडीला माशी बसलेली कळते. उजवीकडून सारखा हुकूम येतोय, पळ, पळ, वळ, पळ, आणि लगाम म्हणतोय थांब. दोन दिवसांत जांभळी तिरकी चालायला लागली, तोंडाला फेस आणायला लागली. रिकिबी काढून बसलं तरी तेच. हर्षालीला रडू आलं ते तिथं. आपला पाय बिघडला ते एक. आता घोडी बिघडत होती, आणि बिघडवणारी ती स्वतः होती.

तिसऱ्या दिवशी मैदानावर जांभळीला ते टाचेचं टकटक सहन झालं नाही. ती उधळली. हर्षाली बैठकीवरून उठून रिकिबीत उभी राहिली, अंग पुढं झोकलं, शर्यतीत झोकतात तसं.

आणि पाय जिवंत झाला.

एका टापेत. टाच खाली गेली, घोटा स्प्रिंगासारखा दबायला, उसळायला लागला. वारा कानात घुमत होता आणि ती मोठ्यानं हसत होती. भरधाव घोड्यावर उभं राहिलं की कंबर चालल्यासारखी हलत नाही, सगळे हिसके घोटा झेलतो. घोट्याला वाटलं, ही बापाबरोबर उतारावर पळतेय. पळणं त्याला येत होतं. मैदान संपलं, तिनं लगाम खेचला, घोडी दुडकीवर आली आणि पाय पुन्हा विझला.

म्हणजे असं होतं. जोवर भरधाव आहे तोवर पाय तिचा. थांबायला लागलं की नाही.

शहाणा माणूस तिथंच थांबला असता. पण आभाळ दाखवून परत झाकून घेतलेल्या माणसाला शहाणपण सांगणारा मूर्ख असतो. तिनं युक्ती काढली. वेग कमी व्हायच्या आधी, पाय जिवंत असतानाच, उजवं पाऊल रिकिबीतून काढून घ्यायचं आणि डाव्या पायावर, मांड्यांच्या जोरावर घोडी आवरायची. महिनाभर तिनं ते घोटलं. जमायला लागलं. टोपणामुळं पाऊल झटकन निघत नव्हतं आणि टोपणाची रिकीब म्हणजे नवशिक्या पर्यटकांची, ती घेऊन कांगासाहेबांपुढं कोण जाणार? तिनं ते कापून फेकलं. कोंडीरामनं ते उचललं, धूळ झटकली आणि खुंटीला अडकवलं. बोलला नाही. बोलायचा हक्क त्यानं स्वतःच गमावला आहे, असं त्याला वाटत होतं.

कांगा तिची दौड पाहायला आले. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. जांभळी सुटली ती बंदुकीच्या गोळीसारखी. म्हातारा खुर्चीतून उठून उभा राहिला. दुसऱ्या फेरीला वळणावर एका पर्यटकाची टोपी उडत आडवी आली. जांभळी बिचकली, तिनं आपणहून गती तोडली. हर्षालीनं पाय काढायच्या आत पाय विझला होता. पाऊल रिकिबीतून आरपार गेलं, तोल गेला आणि ती लाल मातीत आपटली, उजव्या पायानं घोडीला टांगलेली.

जांभळी पळत राहिली. मागं जे आपटत होतं त्याला भिऊन पळत राहिली. लोक बाजूला झाले. एकटा कोंडीराम वाटेत आडवा उभा राहिला, दोन्ही हात पसरून. तो हलणार नाही हे घोडीला कळलं असावं. ती मागच्या पायांवर बसत त्याच्या छातीशी येऊन थांबली.

खांदा निखळला होता, अर्धा गाल सोलला होता, केसात मुरूम भरला होता. घोट्याला काही झालं नव्हतं. तिला उठवून उभं केलं तर तो सुरेख उभा राहिला.

कांगा जवळ आले. लेकीशी बोलावं तसं ते म्हणाले, घोडे पळवणारे मला पुष्कळ मिळतात, डिकरी. मला थांबवता येणारी पाहिजे. तसा पाय घेऊन ये, मग बोलू.

खांदा बसवल्यावर बापलेक पुन्हा नाडगौडाबाईंसमोर बसले. हर्षालीनं घोटा जखडून मागितला, म्हणजे टाच वर येऊन पाऊल रिकिबीतून आरपार जाणार नाही. बाईंनी तेच सांगितलं. त्या एकट्या ठरवू शकत नाहीत, वरच्यांना यशस्वी रुग्ण गमवायचा नाही, आणि त्यांचं स्वतःचंही मन होत नाही. जखडलेल्या पायानं घोडा आवरता येईल का, हेही त्यांना सांगता येणार नाही. घोड्यातलं मला काही कळत नाही, म्हणाल्या.

हर्षाली म्हणाली, मला माहीत आहे. ती ओरडली नाही. तिनं एवढंच सांगितलं, की तुम्ही काढला नाहीत तर मी परत भरधाव बसेन. मला येतं तेवढंच. आणि एके दिवशी समोर आबा नसतील.

तेव्हा कोंडीराम बोलला. त्या घरात, त्या खोलीत, इतके दिवस न बोललेला माणूस.

"डॉक्टरीणबाई, ही घरी कशी जाती ते तुम्ही हिला इचारलं नाय. हिला कशात बसायचंय ते मी इचारलं नाय. दोघांनी मिळून हिचा पाय खाल्ला. आता ती तोंडानं सांगती, तर आपण गप ऐकू."

बाईंनी चष्मा काढला. वरच्यांना मी बघून घेते, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ऑपरेशनला उपाशीपोटी कधी येऊ शकाल.

सगळं झाल्यावर दस्तुरीला गाडी थांबली तेव्हा दुपार होती. नाक्यावर सगळे घोडेवाले बसलेले. जांभळीला कुणीतरी खाली आणून ठेवलं होतं, खोगीर घालून. हर्षालीच्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. कोंडीरामनं तिला उचललं. घोडीपाशी गेला. घोडीच्या मानेवरून हात फिरवला, तिचा दोर बोटांत अडकवला आणि पुढं गेला.

बारकूच्या रिक्षापाशी जाऊन त्यानं लेकीला आत ठेवलं. मग स्वतः चढला. आयुष्यात पहिल्यांदा. आत कसं बसतात ते त्याला कळेना, गुडघे कुठं ठेवावे ते कळेना. नाक्यावरच्या सगळ्या माना वळल्या.

"बसलास का कोंडीबा शेवटी?" एक म्हातारा म्हणाला. त्यात हसू होतं आणि दुसरंही काही होतं.

"बसलो," कोंडीराम म्हणाला. "बघून घ्या."

त्याचे कान लाल झाले होते. हर्षाली ते बघत होती. तिनं जांभळीचा दोर बापाच्या हातातून घेतला आणि मनगटाला गुंडाळला. बारकूला म्हणाली, हळू घे, ठोकळ्यांवर तिचा नाल घसरतो. बारकू म्हणाला, माहीत आहे, ताई.

रिक्षा निघाली. मागं घोडी पावलं जपून टाकत येत होती. पायात आत कुठंतरी खिळ्यांशी कळ उठत होती, डोळ्यांत पाणी आणणारी. हा पाय पुन्हा काही शिकणार नव्हता. उतार त्याला कधी जमणार नव्हता, बापाबरोबर पळणं संपलं होतं. पुण्याला कुणी दारात उभं करेल की नाही, हे त्या दुपारी कुणालाच माहीत नव्हतं, तिलाही नाही.

वळणावर मोठा गचका बसला. बापाचे गुडघे उडाले, तिचा डावा पाय उडाला. तिनं खाली पाहिलं. उजवं पाऊल जिथं ठेवलं होतं तिथंच होतं.